नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कशा उघडायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरा नवा आहे, एडिटिंगचं सॉफ्टवेअर पाच-दहा वर्षांपूर्वीचं आहे आणि ते अजून उत्तम चालतंय, अशा फोटोग्राफरांसाठी हे पान आहे. फाइल उघडत नाही म्हणून हात बसलेला प्रोग्राम टाकून देण्याची वेळ क्वचितच येते. बहुतेक नव्या कॅमेऱ्यांचे फोटो जुन्या प्रोग्राममध्ये पूर्ण दर्जासह आणता येतात. त्यासाठी मध्ये एक पायरी वाढते आणि त्या पायरीवरची दोन-तीन सेटिंगं बरोबर असावी लागतात. लोक नेमके तिथेच अडतात, म्हणून त्या भागाची उत्तरं इथे लांब आहेत.

जुन्या कॅमेऱ्याच्या एनईएफ फाइली उघडतात, नव्याच्या उघडत नाहीत. दोन्हींचं एक्सटेन्शन तर एकच आहे. मग फरक कुठे?

पाकिटावरचं नाव तेच असलं तरी आतल्या पत्राची लिपी बदललेली असते. एनईएफ (निकॉन), एआरडब्ल्यू (सोनी), आरएएफ (फुजीफिल्म), ओआरएफ (ऑलिम्पस) ही त्या त्या कंपनीच्या रॉ प्रकारांची कौटुंबिक नावं आहेत. प्रत्येक मॉडेलची फाइल आतून थोडी किंवा बरीच वेगळी असते.

रॉ फाइलमध्ये तयार चित्र नसतं. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला याचा एक आकडा असतो, आणि तोही लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा. त्यातून चित्र घडवायचं तर प्रोग्रामला बरंच काही ठाऊक असावं लागतं. आकडे कोणत्या पद्धतीने दाबून ठेवलेत, काळा रंग कोणत्या आकड्यापासून सुरू होतो, पांढरा कुठे संपतो, रंगांच्या फिल्टरची मांडणी कशी आहे, कडेचे कोणते बिंदू चित्रात धरायचे नाहीत, आणि या सेन्सरचा लाल म्हणजे आपल्या डोळ्यांचा नेमका कोणता लाल. यातली बरीच माहिती मॉडेलगणिक बदलते आणि सॉफ्टवेअर करणारे ती प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी तयार करतात. तुमच्या प्रोग्रामच्या शेवटच्या अपडेटनंतर कॅमेरा बाजारात आला असेल, तर त्याचं नाव प्रोग्रामच्या यादीत नसतं. नाव सापडलं नाही की प्रोग्राम फाइल नाकारतो.

कधी अडचण नुसत्या नावाची असते. सेन्सर जवळपास जुनाच, मॉडेल नवं. कधी मात्र फाइलची रचनाच बदलते. कॅननने २०१८ मध्ये ईओएस एम५० बरोबर सीआर३ आणलं. आधीचं सीआर२ टीआयएफएफ या जुन्या चित्र-फाइलीच्या रचनेवर बेतलेलं होतं, तर सीआर३ व्हिडिओ फाइलींसाठीच्या रचनेवर उभं आहे. निकॉनने २०२१ च्या झेड९ मध्ये 'हाय एफिशियन्सी' नावाचं नवं कॉम्प्रेशन दिलं. फुजीफिल्मने २०१२ च्या एक्स-प्रो१ पासून नेहमीच्या २ बाय २ ऐवजी ६ बाय ६ ची एक्स-ट्रान्स फिल्टर मांडणी वापरली. तुमची अडचण यांपैकी कोणत्या जातीची आहे यावर पुढचा मार्ग ठरतो.

फोल्डरमध्ये फोटोचं थंबनेल छान दिसतं, मग प्रोग्राम का म्हणतो की फाइल ओळखता येत नाही?

जवळपास प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानेच बनवलेला एक जेपेग असतो. फोल्डरमध्ये, कॅमेऱ्याच्या पडद्यावर आणि बऱ्याच व्ह्यूअरमध्ये दिसतो तो हाच. तो दिसला म्हणजे फाइल बहुधा शाबूत आहे. पण एडिटिंगला लागणारा रॉ डेटा प्रोग्रामला वाचता येतोय, असं त्यावरून ठरत नाही. विंडोजमध्ये रॉ इमेज एक्सटेन्शन घातलं की थंबनेलं दिसू लागतात, मात्र त्याचा लाइटरूम किंवा फोटोशॉपशी काही संबंध नसतो. काही प्रोग्रामांत फोटो आधी दिसतो आणि क्षणात करडा होतो किंवा त्यावर चूक झाल्याची खूण येते. तिथेही आधी दिसलेला तो जेपेगच असतो.

माझं सॉफ्टवेअर कोणत्या काळापर्यंतचे कॅमेरे ओळखतं, हे कसं कळेल?

अडोबीच्या प्रोग्रामांत फोटोशॉपच्या आवृत्तीपेक्षा 'कॅमेरा रॉ' या प्लगइनची आवृत्ती महत्त्वाची. फोटोशॉप सीएस५ ला कॅमेरा रॉ ६.७ पर्यंत जाता येतं. २०१२ च्या सीएस६ ला नवे कॅमेरे मिळत राहिले ते २०१५ च्या ९.१.१ पर्यंत. एकदाच पैसे भरून घेता येणारं शेवटचं लाइटरूम म्हणजे २०१५ चं लाइटरूम ६. त्याचा शेवटचा अपडेट ६.१४, डिसेंबर २०१७ चा. अडोबीच्या संकेतस्थळावर कॅमेऱ्यांची यादी आहे आणि प्रत्येक मॉडेलपुढे त्याला लागणारी किमान आवृत्ती दिलेली आहे. तुमच्या मॉडेलपुढचा आकडा तुमच्या आवृत्तीपेक्षा मोठा असेल, तर ती फाइल थेट उघडणार नाही.

आधी एक गोष्ट नक्की करा. तुमच्या प्रोग्रामला मिळालेला शेवटचा अपडेट घातलेला आहे का, ते पाहा. लाइटरूम ६ ची डिस्कवरून आलेली ६.० आवृत्तीच वापरणारे कितीतरी लोक आहेत. त्यांच्यापैकी काहींचा कॅमेरा नुसत्या अपडेटने ओळखला जातो.

मॅकवर ॲपलचे स्वतःचे प्रोग्राम रॉ वाचण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवतात. ॲपर्चर या आपल्या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रामचा विकास थांबवत असल्याचं ॲपलने २०१४ मध्ये जाहीर केलं. त्यानंतरही सिस्टिमच्या अपडेटमुळे त्यात नवे कॅमेरे येत राहिले. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनावर ॲपर्चरच चालेनासं झालं आणि तो रस्ता संपला.

यातून सगळ्यात भरवशाचा मार्ग कोणता?

अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर. डीएनजी हा अडोबीने २००४ मध्ये आणलेला खुला रॉ प्रकार आहे. त्याची गंमत अशी की कॅमेऱ्याबद्दलची माहिती, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्या, फिल्टरची मांडणी आणि रंगांचं गणित, फाइलमध्येच लिहिलेली असते. त्यामुळे वाचणाऱ्या प्रोग्रामला कॅमेऱ्याचं नाव ठाऊक असावंच लागत नाही. कन्व्हर्टर मोफत आहे, वेगळा चालतो, सदस्यत्व मागत नाही आणि नव्या कॅमेऱ्यांसाठी सतत अपडेट होतो.

रीत साधी आहे. कार्डवरच्या रॉ फाइली संगणकाच्या एका फोल्डरमध्ये कॉपी करा. कन्व्हर्टर उघडून तो फोल्डर निवडा, डीएनजी कुठे ठेवायच्या तो दुसरा फोल्डर निवडा, खाली प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटी तपासा आणि कन्व्हर्ट दाबा. तयार झालेल्या डीएनजी तुमच्या जुन्या प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करा. व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर, सावल्या, सगळं रॉसारखंच हलवता येतं.

कन्व्हर्टरमध्ये फोल्डर उघडला तर तो रिकामा दिसतो. फाइली गेल्या कुठे?

कुठेही गेल्या नाहीत. कन्व्हर्टर एकेक फाइल निवडू देत नाही, पूर्ण फोल्डर घेतो. त्यामुळे निवडीच्या खिडकीत फक्त फोल्डर दिसतात, फाइली दिसत नाहीत. फोल्डरवर एकदा क्लिक करून तो निवडा, त्याच्या आत शिरू नका. मोजकेच फोटो बदलायचे असतील तर ते आधी वेगळ्या फोल्डरमध्ये काढून घ्या.

लाइटरूममध्येच इम्पोर्ट करताना 'कॉपी ॲज डीएनजी' असा पर्याय आहे. तो चालणार नाही का?

नाही. तो पर्याय जुन्या लाइटरूमच्या पोटातलं जुनंच यंत्र वापरतो आणि त्यालाही तुमचा कॅमेरा ठाऊक नसतो. कन्व्हर्टर वेगळा आणि ताजाच हवा.

डीएनजी केल्या, तरीही जुना प्रोग्राम त्या उघडत नाही. आता काय?

दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं, ते म्हणजे कम्पॅटिबिलिटीचं सेटिंग. डीएनजीच्याही आवृत्त्या आहेत. २००९ मध्ये १.३ आली, २०१२ मध्ये १.४, पुढे आणखी आल्या आणि २०२३ च्या १.७ मध्ये तर जेपेग एक्सएल हे नवं कॉम्प्रेशन दाखल झालं. कन्व्हर्टरला तुम्ही काही सांगितलं नाही तर तो नव्या आवृत्तीची फाइल बनवू शकतो. ती उघडणं २०१२ च्या प्रोग्रामच्या आवाक्याबाहेरचं असतं.

म्हणून प्रेफरन्सेसमधल्या कम्पॅटिबिलिटीच्या यादीतून तुमच्या प्रोग्रामला जुळणारी ओळ निवडा. फोटोशॉप सीएस६ किंवा लाइटरूम ४.१ आणि पुढचं असेल तर 'कॅमेरा रॉ ७.१ अँड लेटर'. लाइटरूम ५ आणि ६ यांनाही हीच ओळ सुरक्षित आहे. सीएस५ किंवा लाइटरूम ३ ची ३.६ आवृत्ती असेल तर ६.६. सीएस४ किंवा लाइटरूम २.४ असेल तर ५.४. इथेही प्रोग्रामचा शेवटचा अपडेट घातलेला असणं गृहीत धरलं आहे. सीएस५ वर मूळ ६.० प्लगइनच असेल, तर ६.६ साठी बनवलेली फाइल उघडेलच असं नाही.

जमेल तितकी जुनी ओळ निवडावी, म्हणजे कुठेही उघडेल, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. तो पाळू नका. प्रोग्राम जेवढी नवी आवृत्ती वाचू शकतो तेवढी द्यावी, कारण खाली जाल तसं काही ना काही गळत जातं. लेन्सच्या सुधारणा हे त्याचं मोठं उदाहरण, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

याच खिडकीत लॉसी कॉम्प्रेशनचा पर्याय आहे. तो बंद ठेवा. आकार कमी होतो, पण त्या बदल्यात रॉचा डेटा कायमचा जातो. कन्व्हर्टरचा अपडेट घातल्यावर सगळी सेटिंगं एकदा डोळ्यांखालून घाला.

कम्पॅटिबिलिटीच्या यादीतल्या कस्टममध्ये 'लिनियर' असा पर्याय दिसतो. तो कधी लावायचा?

बाकी सगळं करून फाइल उघडली नाही किंवा उघडून विचित्र दिसली, तरच. साध्या डीएनजीत सेन्सरचे मूळ आकडे असतात आणि त्यांतून पूर्ण रंग घडवण्याचं काम तुमचा प्रोग्राम करतो. लिनियरमध्ये ते काम कन्व्हर्टर आधीच करून देतो. फिल्टरची मांडणी कशीही असली तरी मग प्रोग्रामचं अडत नाही. फुजीच्या एक्स-ट्रान्स फाइली सीएस५ सारख्या, त्या मांडणीच्या आधीच्या प्रोग्राममध्ये आणायच्या तर हाच रस्ता आहे.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. प्रत्येक बिंदूला एका आकड्याऐवजी तीन आकडे येतात, म्हणून फाइल खूप फुगते. शिवाय रंग घडवण्याची पद्धत त्या क्षणी ठरून जाते. पुढे एखाद्या प्रोग्रामने त्याच फाइलीतून जास्त बारकावा काढायची सोय आणली, तर लिनियर डीएनजीला तिचा लाभ मिळत नाही. व्हाइट बॅलन्स मात्र इथेही पूर्ण मोकळा राहतो, त्यामुळे टीआयएफएफपेक्षा लिनियर डीएनजी कधीही बरी.

डीएनजी केल्याने फोटोचा दर्जा कमी होतो का?

लॉसी किंवा लिनियर लावलं नसेल तर सेन्सरचे आकडे जसेच्या तसे राहतात. डीएनजीचं नेहमीचं कॉम्प्रेशन लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता दाबणारं असतं. फाइल मूळपेक्षा थोडी लहान झाली म्हणून घाबरू नका. उलट हाय एफिशियन्सीसारख्या घट्ट दाबलेल्या फाइलीची डीएनजी मूळपेक्षा मोठी होईल, तेही ठीकच आहे.

गमावता ते वेगळंच. कॅनन किंवा निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर तुमच्या रॉपासून बनवलेली ही डीएनजी उघडत नाही. फोकस कुठे धरला होता, कॅमेऱ्यातलं पिक्चर स्टाइल कोणतं होतं, अशा कंपनीच्या खास नोंदी डीएनजीमध्ये कॉपी झाल्या तरी त्यांचा अर्थ लावणारं दुसरं कोणी नसतं. डीएनजीवरून उलट मूळ सीआर३ किंवा एनईएफ बनवताही येत नाही.

मग डीएनजी झाल्यावर मूळ रॉ काढून टाकू का?

काढू नका. या पानावरचं दुसरं काही विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आज तुम्ही जुन्या प्रोग्रामच्या मर्यादेत बसेल अशी डीएनजी बनवताय. उद्या प्रोग्राम बदलला तर त्याला मूळ फाइलमधून जास्त काही काढता येईल: त्याच्या स्वतःच्या प्रोफाइल, त्याची स्वतःची नॉइज कमी करण्याची पद्धत, लेन्सच्या पूर्ण सुधारणा. नॉइज कमी करण्याच्या बाबतीत तर हा फरक डोळ्यांना सहज दिसतो. मूळ फाइल नसेल तर हे सगळं मिळेलच याची खात्री नसते.

डिस्कवरची जागा हीच काळजी असेल तर आधी फोटो निवडा, नको ते कायमचे काढा आणि उरलेल्यांच्या दोन्ही प्रती ठेवा. कन्व्हर्टरमध्ये मूळ फाइल डीएनजीच्या आत ठेवायचाही पर्याय आहे, पण त्याने एकच फाइल जवळजवळ दुप्पट होते आणि ती बिघडली तर दोन्ही जातात. मूळ रॉ वेगळ्या डिस्कवर जपून ठेवणं जास्त चांगलं. लाइटरूम ५ किंवा पुढचं वापरत असाल तर 'व्हॅलिडेट डीएनजी फाइल्स' हा आदेश डीएनजी शाबूत आहेत का ते तपासून देतो. एवढ्यासाठी तरी तो अधूनमधून चालवावा.

डीएनजी उघडली, पण रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर होते तसे नाहीत. कुठे चुकलं?

चुकलं काहीच नाही. पडद्यावर दिसत होता तो कॅमेऱ्याचा जेपेग, कंपनीच्या पिक्चर स्टाइलसह. तुमचा प्रोग्राम स्वतःच्या प्रोफाइलने रंग घडवतो, आणि जुन्या प्रोग्राममध्ये या कॅमेऱ्यासाठी प्रोफाइलच नसते. तो डीएनजीमध्ये आलेल्या प्रोफाइलवर चालतो. ती नीट असते, फक्त कंपनीच्या 'व्हिव्हिड' किंवा 'पोर्ट्रेट'सारखी दिसत नाही.

इथे थोडे कष्ट घेतले तर फळ चांगलं मिळतं. अडोबीचा डीएनजी प्रोफाइल एडिटर मोफत आहे. २४ रंगांच्या चौकटींचा कलरचेकर कार्ड घेऊन त्याचा एक फोटो उन्हात आणि एक पिवळ्या दिव्यात काढा, तो डीएनजी करा आणि त्यावरून तुमच्या कॅमेऱ्याची स्वतःची प्रोफाइल बनवा. डीसीपी प्रकारच्या या प्रोफाइली लाइटरूम २ पासून चालतात. ज्यांना त्वचेचे रंग किंवा कापडाचे रंग नेमके हवे असतात, त्यांनी हे काम एकदा करून टाकावंच. लाइटरूममध्ये २०१८ पासून आलेल्या नव्या पद्धतीच्या प्रोफाइली मात्र लाइटरूम ६ मध्ये बसत नाहीत. डाउनलोड करताना तेवढं पाहा.

फोटो एकदम काळपट दिसत असेल तर कॅमेऱ्यातली डायनॅमिक रेंजची सेटिंगं तपासा. फुजीच्या डीआर४०० मध्ये कॅमेरा आकाशाचे तपशील वाचवण्यासाठी रॉ मुद्दाम दोन स्टॉप कमी नोंदवतो आणि जेपेगमध्ये सावल्या वर उचलतो. निकॉनचं ॲक्टिव्ह डी-लायटिंग आणि कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटी यांचाही रॉच्या एक्सपोजरवर परिणाम होतो. जुन्या प्रोग्राममध्ये रॉवर काम करायचं ठरवलं असेल तर ही सेटिंगं बंद ठेवणं सोयीचं.

लेन्समुळे सरळ रेषा वाकड्या दिसतात. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये तसं नाही.

आजच्या मिररलेस लेन्स कित्येकदा सॉफ्टवेअरने रेषा सरळ केल्या जातील हे धरूनच घडवलेल्या असतात. ती सुधारणा रॉमध्ये केलेली नसते, तिची नुसती माहिती असते. डीएनजीत ही माहिती ठेवायची जागा १.३ आवृत्तीपासून, म्हणजे कम्पॅटिबिलिटी ५.४ पासून आहे. त्याहून जुनी ओळ निवडली असेल तर ओळ बदलून पुन्हा कन्व्हर्ट करा. वेगळी लेन्स प्रोफाइल हवी असेल तर ताज्या कन्व्हर्टरबरोबर लेन्स प्रोफाइलीही संगणकावर येतात आणि बऱ्याचदा जुना प्रोग्रामही त्या वापरू शकतो.

कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर वापरून टीआयएफएफ केलं तर?

कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज, ओएम सिस्टिमचं वर्कस्पेस, फुजीचं एक्स रॉ स्टुडिओ हे सगळे मोफत आहेत आणि आपापल्या नव्या कॅमेऱ्यांच्या रॉ उघडतात. एक्स रॉ स्टुडिओ तर यूएसबीने जोडलेल्या कॅमेऱ्यातलाच प्रोसेसर कामाला लावतो. कंपनीचे रंग हुबेहूब हवे असतील तर यांना तोड नाही. व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर तिथेच नीट करा, मग १६ बिटचं टीआयएफएफ काढा आणि रीटचिंगसाठी जुन्या फोटोशॉपमध्ये न्या.

पण टीआयएफएफ म्हणजे रॉ नव्हे. व्हाइट बॅलन्स त्यात पक्का बसलेला असतो आणि उजळ भागातले गेलेले तपशील परत येत नाहीत. आकारही मोठा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचं १६ बिट टीआयएफएफ कॉम्प्रेशनशिवाय सुमारे १४४ एमबी होतं, ४५ मेगापिक्सेलचं २७० एमबी. निवडक दहा-वीस फोटोंसाठी हा मार्ग सुरेख आहे. लग्नाच्या हजार फोटोंसाठी नाही.

एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमधल्या कॅमेऱ्याच्या नोंदींमध्ये, मॉडेलचं नाव बदलून फाइल जुन्या कॅमेऱ्याची भासवता येते असं ऐकलं. खरंय का?

खरंय. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रामने ते होतं. नव्या मॉडेलचा सेन्सर आणि फाइलची रचना आधीच्या मॉडेलसारखीच असेल तर जुना प्रोग्राम फसतो आणि फाइल उघडतो. पण काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्या जराशा जरी वेगळ्या असल्या तरी सावल्यांत जांभळी झाक येते किंवा उजळ भाग गुलाबी पडतो, आणि ते लगेच लक्षात येतंच असं नाही. सीआर३ किंवा नवं कॉम्प्रेशन असेल तर ही युक्ती चालतच नाही. करून पाहायचंच असेल तर फक्त कॉपीवर करा. एक्झिफटूल मूळ फाइल नावापुढे 'ओरिजिनल' जोडून मागे ठेवतं, पण त्या सोयीवर विसंबू नका. डीएनजीचा मार्ग उपलब्ध असताना मी हा सुचवणार नाही.

अडोबी नकोच असेल तर?

डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन्ही मुक्त प्रोग्राम आहेत आणि नवे कॅमेरे त्यांत नियमित दाखल होतात. मुक्त रॉ प्रोग्रामांच्या जगाचा पाया डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या डीसीरॉने घातला. त्यावर बेतलेलं लिबरॉ आज असंख्य प्रोग्रामांच्या आत काम करतं. एडिटिंग जुन्या प्रोग्राममध्येच करायचं असेल, तरी या दोघांपैकी एकात रॉ उघडून सपाटसं १६ बिट टीआयएफएफ काढून घेता येतं. निकॉनच्या हाय एफिशियन्सी फाइलींबाबत मात्र आधी चाचणी घ्या. त्यामागचं टिकोरॉ तंत्र खासगी मालकीचं असल्याने मुक्त प्रोग्रामांना ते वाचणं अवघड गेलं आहे.

कॅमेऱ्यातच काही बदललं तर काम सोपं होईल का?

होईल. निवड असेल तिथे 'लॉसलेस कॉम्प्रेस्ड' ठेवा. निकॉनमध्ये हाय एफिशियन्सीऐवजी, कॅननमध्ये सी-रॉ या जास्त दाबलेल्या प्रकाराऐवजी साधं रॉ. कॅननच्या रॉ बर्स्टमध्ये अनेक फोटोंची एकच फाइल बनते आणि त्यातला फोटो कॅमेऱ्यात किंवा कॅननच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा काढावा लागतो, म्हणून गरजेपुरताच तो वापरा. पेंटॅक्सच्या अनेक कॅमेऱ्यांत रॉसाठी थेट डीएनजी निवडता येतं आणि लायकाचे बरेच कॅमेरे डीएनजीच लिहितात. ते बहुतेक जुन्या प्रोग्रामांत काही न करता उघडतात. नवा कॅमेरा घेतल्यावर पहिले काही आठवडे रॉबरोबर जेपेगही नोंदवा. रंगांची तुलना करायला तो हाताशी लागतो.

फोनची फाइल तर डीएनजीच आहे, तरी जुन्या लाइटरूममध्ये काळपट आणि सपाट दिसते.

२०२० मध्ये आयफोन १२ प्रो बरोबर आलेलं प्रोरॉ हे लिनियर डीएनजी आहे. त्याच्या चेहऱ्यामोहऱ्याचा मोठा भाग फाइलमधल्या एका नकाशावर अवलंबून असतो. चित्राचा कोणता भाग किती उजळायचा हे तो नकाशा सांगतो. जुना प्रोग्राम तो वाचत नाही, म्हणून एक्सपोजर आणि सावल्या हाताने वाढवाव्या लागतात. अँड्रॉइड फोनच्या साध्या डीएनजींना हा त्रास सहसा होत नाही.

माझा संगणकही जुना आहे. नवा कन्व्हर्टर त्यावर चढतच नाही.

तर कन्व्हर्ट करायचं काम दुसऱ्या संगणकावर करा आणि डीएनजी डिस्कवरून आणा. घरातला साधा लॅपटॉपही पुरतो, कन्व्हर्टरला ताकद फार लागत नाही. जुन्या सिस्टिमवर चालणारी कन्व्हर्टरची जुनी आवृत्ती शोधून उपयोग नाही, कारण तिला तुमचा कॅमेरा ठाऊक नसतो.

कार्डवरून फाइली काढताना जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेला ट्रान्सफर प्रोग्राम वापरू नका. फाइल हलवता हलवता त्यात काही लिहिणारे जुने प्रोग्राम अनोळखी रॉ बिघडवू शकतात. कार्ड रीडर लावा, फोल्डर नेहमीसारखा कॉपी करा, आणि काही फाइली उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

नवं सॉफ्टवेअर घ्यायलाच हवं अशी वेळ कधी येते?

दर वेळी शेकडो फोटो कन्व्हर्ट करताना काम खोळंबू लागलं, किंवा कमी प्रकाशातल्या फोटोंसाठी आजची नॉइज कमी करणारी साधनं खरोखर लागत असली, तर घ्या. महिन्याला थोडेच फोटो असतील आणि जुन्या प्रोग्राममध्ये मनासारखं काम होत असेल, तर डीएनजीचा मार्ग वर्षानुवर्षं पुरतो. घेण्याआधी चाचणी आवृत्तीत तुमच्याच कॅमेऱ्याच्या फाइली उघडून बघा, दुसऱ्याच्या नमुन्यांवर ठरवू नका.

आणि घेतलं, तर आतापर्यंतच्या डीएनजींवरचं एडिटिंग वाया जाईल का?

अडोबीच्याच नव्या प्रोग्राममध्ये गेलात तर नाही. लाइटरूममध्ये 'सेव्ह मेटाडेटा टू फाइल' केलं की तुमची एडिटिंगं डीएनजीच्या आतच एक्सएमपी नावाच्या नोंदींच्या रूपात लिहिली जातात आणि नवी आवृत्ती ती जशीच्या तशी उचलते. लाइटरूमचा कॅटलॉग, म्हणजे फोटो आणि एडिटिंगची नोंदवही, उघडला तर तोही नव्या रूपात येतो, पण आधी त्याची प्रत काढून ठेवा. सुरुवातीला फोटो जुन्याच प्रोसेस व्हर्जनमध्ये, म्हणजे चित्र घडवण्याच्या जुन्याच पद्धतीने, दिसतील आणि तसेच राहू द्यायला हरकत नाही. दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये गेलात तर रेटिंग आणि कीवर्ड बहुधा येतात, रंगांचं एडिटिंग येत नाही. ज्या मोजक्या फोटोंवर पुन्हा काम करायचं आहे, ते तिथे डीएनजीऐवजी जपून ठेवलेल्या मूळ रॉवरून सुरू करा.